टेकडीवरचा संघर्ष

मी नायब तहसीलदार झाले तेव्हा माझ्यात एकच गोष्ट कमी निघाली, ती म्हणजे हालअपेष्टा. ही उणीव शोधली चिखलीच्या प्रेमनं. त्याचं मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल आहे आणि माझी मुलाखत घ्यायला तो थेट उंद्रीला आमच्या ओट्यावर येऊन बसला होता.

"मॅडम, मागं डोंगर पाह्यजे," तो म्हणाला. "डोंगराबिगर संघर्ष दिसत नाही."

आता उंद्रीहून चिखलीला चांगला डांबरी रस्ता आहे. शाळा-कॉलेजात मी एसटीनं गेले, तेही बहुतेक वेळा बसून. गावामागं एक टेकडी आहे खरी, पण तिच्यावर फक्त बकऱ्या जातात आणि त्यांना शिक्षणाची आवड नाही. हे मी सांगेपर्यंत बाबांनी इस्त्रीचा सदरा चढवलासुद्धा.

"हाव, चाला! टेकडी आपलीच हाये!"

पायथ्याशी प्रेमनं माझ्या चपला काढायला लावल्या आणि हातात पुस्तक दिलं. "दूर पाहा, मॅडम. स्वप्न तिकडं आहे." तिकडं शेजारच्या महादेवरावांची म्हैस होती. मी म्हशीकडं आशेनं बघत चढू लागले. तळपायात सराटा घुसला तेव्हा मी जे किंचाळले, ते प्रेमला फार आवडलं. "हेच परत एकदा द्या!"

बाबांना तर चेवच आला. "आमच्या धम्मशीलानं हा डोंगर रोज अनवाणी तुडवला," ते कॅमेऱ्याला सांगू लागले. मग वाटेत नाला आला, नाल्याला पूर आला, पुरातून बिबट्या आला.

"बाबा, बिबट्या काऊन?" मी कुजबुजले.

"थांब वं. आत्ता कुठं रंग चढून राह्यला."

तेवढ्यात खालून माझी आई, अन्नपूर्णाबाई, येताना दिसली. आई पिठाची गिरणी चालवते. गुडघे दुखतात म्हणून ती कुणाच्या माडीवर हळदीकुंकवाला काय, बारशालाही जात नाही. आणि आता अंगभर पीठ, हातात माझ्या चपला, अशी ती दगडांना धरधरून वर येत होती. वर पोचल्यावर ती धापा टाकत एका दगडावर टेकली. बाबांनी तेवढ्यात बिबट्याला परत पाठवलं.

"कोण गेलं अनवाणी शाळेत? माही पोरगी? मी जित्ती असतानी? दरसाल नवे बूट घेतले म्या तिले. हे पोरगी झोपून राहे, अन् मी एसटीपुढं उभी राहून डायवरसंग भांडो. तिच्या वाटंत डोंगर नव्हता. येऊच देल्ला नाही म्या! अन् तुम्ही तो आज आणून ठेवता?"

मला माझीच लाज वाटली. तिनं जन्मभर जे माझ्या पायाखालून काढून टाकलं, तेच मी हौसेनं मिरवत होते.

"काकू, एक नंबर!" प्रेम म्हणाला. "फक्त खालून परत एकदा चढून या ना. मी कॅमेरा चालूच करायचं विसरलो."

आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. प्रेम वाट सोडून उतरला आणि त्याच्या मागोमाग बाबा.

आईनं चपला माझ्यापुढं टाकल्या. "घाल. अन् हात दे मले, माह्यानं उतरणं होत नाही."

मी तिला धरून खाली आणलं. माझ्यासाठी जिवावर उदार होऊन कुणी डोंगर चढलं असेल तर ती आईच, आणि तेही मला तो कधी चढावा लागला नाही एवढंच सांगायला.