क्रियोनेरीचं निळं मत

"निळं किती?"

"शून्य."

"पुन्हा एकदा बघा, वकीलबाई. एक असणार."

"अहो काका, दोनदा बघितलं. निळं एकही नाही. तुम्ही हिरव्यांचे ना? मग तुम्हाला कशाला हवंय ते?"

शाळेच्या व्हरांड्यात मांडीवर झाडू घेऊन बसलेली लिगेरी हे ऐकत होती. मोजणी आटोपली की वर्ग झाडायचा आणि बाकं पुन्हा जागेवर लावायची, हे तिचं काम. आत टेबलाशी अथेन्सहून निवडणुकीपुरती अधिकारी म्हणून आलेली तरुण वकीलबाई बसली होती आणि तिच्यासमोर हिरव्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून कॉफीवाला सिफिस. निळ्यांना या गावात प्रतिनिधी मिळत नसे. सिफिस खुर्चीवरून उठला, दारात आला आणि लिगेरीकडे बघतच राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "शेवटी पाझर फुटला म्हणायचा तुला!" आणि ती काही बोलायच्या आत तो चौकाकडे धावत सुटला. साठी उलटलेला, गुडघेदुखीने बेजार असलेला माणूस, पण पळाला.

देशात कुठे कुणाला मत पडतं हे सिफिसच्या कॉफीखान्यात सगळ्यांना पाठ होतं. आपलं क्रीट म्हणजे हिरवं, त्यात बोलायचं काय? समुद्रापलीकडचं मानी म्हणजे निळं, तिथली मुलं म्हणे पाळण्यातच निळी रडतात. लेस्वोस बेट लाल. थेस्सलीतले शेतकरी कापसाचा भाव बघून ठरवतात, आणि अथेन्स वारा येईल तशी पाठ फिरवतं. वर्षभरात ही तिसरी निवडणूक होती, कारण कुणालाच बहुमत मिळत नव्हतं. एकेका जागेवर सरकार अडलं होतं आणि म्हातारे कॉफी गार होईपर्यंत हिशेब मांडत होते.

पण क्रियोनेरीचं खरं दुखणं वेगळंच होतं. गाव लहान, पेटी एकच, आणि त्या पेटीतून दरवेळी हिरव्या मतांच्या गठ्ठ्यात एक निळं मत निघायचंच. डोंगरावरच्या पेत्रोहोरीतून एकही निघत नसे. तिथले लोक निकालाच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाली यायचे आणि विचारायचे, "काय हो, तुमचं ते निळं बाळ बरंय ना?"

बाळ कुणाचं, हे शोधायची गरजच नव्हती. लिगेरी मानीची. लग्न होऊन ती इथे आली आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत ते मत निघालं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? गावाने तिचं नाव ठेवलं, निळी सून.

आणि गंमत अशी, की लिगेरीने आयुष्यात एकदाही निळ्यांना मत दिलं नव्हतं. तिची सासू म्हातारपणी हिरव्यांनी सुरू केलेल्या शेतकरी बायकांच्या पेन्शनीत बसली. पहिले पैसे हातात आल्यावर ती कुणालाही न विचारता शहरात गेली आणि स्वतःसाठी चामड्याचे बूट घेऊन आली. ते बूट उशाशी ठेवून झोपलेली सासू बघितल्यापासून लिगेरीचं मत पक्कं झालं होतं. त्याआधीही ती हिरवंच टाकायची, पण नवऱ्याचा पक्ष म्हणून. बुटांनंतर ते तिचं स्वतःचं झालं.

हे सांगितलं तर ऐकतो कोण? दुसऱ्या खेपेला तिने पुरावाच आणला. या देशात प्रत्येक पक्षाची चिठ्ठी वेगळी. मतदाराला सगळ्यांची एकेक देतात, तो पडद्याआड जाऊन हवी ती पाकिटात घालतो आणि उरलेल्या टोपलीत टाकतो. लिगेरीने आपली उरलेली निळी चिठ्ठी टोपलीत न टाकता मुठीत आणली आणि तरातरा कॉफीखान्यासमोर जाऊन पुरुषांच्या टेबलावर आपटली.

"ही बघा माझी निळी! आता बोला!"

सिफिस खो खो हसत म्हणाला, "अगं वहिनी, ही तुझी कशावरून? नवऱ्याची उरलेली मागून घेतली असशील! काय रे मानुसोस, दिलीस की नाही बायकोला?"

हशा पिकला. मानुसोस, तिचा नवरा, हिरव्या पक्षाचा गावातला अध्यक्ष, कॉफीच्या कपात बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चल लिगेरी, घरी चल. बोलू दे त्यांना."

तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. एका निवडणुकीनंतर पोरांनी तिचं कोंबड्यांचं खुराडं निळ्या रंगाने रंगवलं. मानुसोसने मुकाट्याने हिरव्या रंगाचा डबा आणला आणि दिवसभर खपून ते पुन्हा रंगवलं. तो तसा फार बोलणारा नव्हताच. ऑलिव्हच्या घाण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा, नखांतून तेल कधी जायचं नाही, आणि एखाद्याला गुरुवारी येतो म्हणाला तर ताप असला तरी गुरुवारी जायचा. यंदा जानेवारीत छातीत कळ आली आणि तो गेला. कॉफीखान्यात त्याचा फोटो लागला, मागे हिरवं कापड, बाजूला पक्षाचा झेंडा.

वकीलबाईने पेटीला लाख लावली आणि ती पोलिसाबरोबर गाडीत बसून गेली. लिगेरी आत आली. चौकातून ओरडा ऐकू येत होता, कुणीतरी हवेत बार काढला. तिने पडद्यामागची टोपली ओढली आणि उरलेल्या चिठ्ठ्या पोत्यात ओतायला लागली.

पहिल्यांदा तिला नुसतं बरं वाटलं. मग मनात आलं, ते मत टाकणारा माणूस यंदा कुठे गेला? इतकी वर्षं कुणीतरी तिच्याआड लपत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं चाललं होतं. कोण असेल, यावर तिने कितीतरी रात्री डोकं शिणवलं होतं. पाद्रीबुवांवर तिचा संशय होता, पोस्टमनवर होता. ते दोघेही आज सकाळी तिच्यासमोर मत देऊन गेले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते मत निघालं होतं. नोव्हेंबरपासून आजपर्यंत गावातून एकच माणूस कमी झाला होता.

लिगेरी लहान मुलांच्या बाकावर बसली.

तिला लग्नातलं जेवण आठवलं. मानीत, बापाच्या अंगणात. तिच्या बापाने, कडव्या निळ्या म्हाताऱ्याने, चार पेले चढवल्यावर जावयाला ऐकवलं होतं, "पोरगी नेतोस ती ने बाबा. पण माझ्या घरातलं एक मत नेतोयस. ते मात्र बुडालं!" आणि मानुसोस उठून, छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "बुडू देणार नाही, सासरेबुवा. परत करीन." सगळे हसले होते. तीही हसली होती. दारूच्या भरातलं बोलणं, ते कोण मनावर घेतो?

त्याने घेतलं होतं. पक्षाचा अध्यक्ष होऊन, घरोघर हिरव्यांसाठी फिरून, शेवटी पडद्याआड जाऊन तो दरवेळी ते एक मत परत करत होता. तिचा बाप वारला त्यानंतरसुद्धा. आणि त्या दिवशी टेबलावर तिने चिठ्ठी आपटली, सिफिसने विचारलं, तेव्हा बायकोला द्यायला त्याच्याकडे निळी उरलेलीच नव्हती.

तिला आधी संताप आला. "शब्द तुम्ही पाळलात," ती रिकाम्या वर्गात मोठ्याने म्हणाली, "आणि शिव्या मी खाल्ल्या! एकदा, एकदा तरी सांगायचं होतं मला." मग तिला वाटलं, आपण आता जाऊन सांगावं. उभ्या गावाला सांगावं, की मी निळी नव्हते, कधीच नव्हते. आज लोक ऐकतील. आज पुरावा आहे.

"काकू! चला, सगळे थांबलेत तुमच्यासाठी!" दारात सिफिसची सून उभी होती. तिने लिगेरीच्या हातातला झाडू काढूनच घेतला.

चौकात तुतीच्या झाडाखाली टेबलं जोडली होती. रकीच्या बाटल्या, ऑलिव्ह, चीज, कुणी भाजलेला बोकडही आणला होता. टीव्ही बाहेर काढून ठेवला होता आणि त्यावर देशाचा नकाशा हळूहळू निळा होत चालला होता. अथेन्सने पाठ फिरवली होती, थेस्सली गेली होती, सरकार निळ्यांचं येणार हे दिसतच होतं. खाली क्रीट तेवढं हिरवं. पण आज त्याचं कुणाला काही नव्हतं. पेत्रोहोरीतून यंदा दोन निळी निघाली होती, दोन! पोरं गाडी घेऊन वर जायला निघाली होती, बाळं बघायला.

"बस वहिनी, इथे बस," सिफिसने खुर्ची पुढे केली. पुरुषांच्या टेबलाशी, बरोबर मध्ये. आजवर त्या टेबलाशी कुणा बाईला कुणी बसवलं नव्हतं. त्याने तिच्या हातात पेला दिला आणि आवाज चढवला, "मंडळी, गप्प बसा जरा! वहिनी, एवढी वर्षं आम्ही तुला फार छळलं, त्या चिठ्ठीनंतर तू हूं का चूं केलं नाहीस. आता सांग, यंदा कशी काय बदललीस?"

सगळे थांबले. पाद्रीबुवांनीसुद्धा काटा खाली ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, "मी काहीच बदललेलं नाही." पुढचं गावाने आपोआप ओळखलं असतं, तिच्याइतकंच. मग आत तो फोटो राहिला असता का? आणि राहिला असता, तरी त्याच्याखाली बसून काय काय बोलले असते? दिलेला शब्द, सासऱ्याचं ऋण, हे कुणी ऐकून घेतलं असतं? अध्यक्ष निळा होता, एवढंच पेत्रोहोरीपर्यंत पोचलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"त्यांच्यासाठी," लिगेरी म्हणाली. "जिवंत होते तोवर मी त्यांचं ऐकलं नाही. म्हटलं, आता तरी ऐकावं."

सिफिसने नाक शिंकरलं आणि तिच्या पेल्याला आपला पेला लावला. "मानुसोसला," तो म्हणाला, "आणि आमच्या सुनेला!" सगळे उठून उभे राहिले. निळी कुणी म्हटलं नाही, नुसतं सुनेला म्हणाले. एवढं ऐकण्यासाठी ती पंधरा वर्षं झुरली होती.

ती रकी एका घोटात प्यायली आणि मग तिला रडू आवरेना. बाईला पश्चात्ताप झाला, असा मंडळींनी समज करून घेतला आणि तिचा पेला पुन्हा भरला.