एका घरात तीन चुली

“ताई, काटा बंद पडला. पार रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे हायेत. लवकर ये बाई!”

फोनवर संपतराव होते, कारखान्याचे हेडक्लार्क. सोमवारी यांनीच मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी आठवण झाली!

“काहून? तुमचा शिवशंकर हाय की.”

“त्याला जमून न्हाई राहिलं.”

वसमतजवळच्या या साखर कारखान्यात मी सोळा वर्षं कंत्राटी ऑपरेटर. ऊसनोंदीचा, वजनकाट्याचा आणि पगाराचा असे तीन कॉम्प्युटर, आम्ही तिघं माणसं. काट्याचा प्रोग्राम इतका जुना की नव्या विंडोजवर चालतच नव्हता. जुनी यंत्रं मरायला टेकली तेव्हा मी चार महिने डोकं फोडून एकाच सर्व्हरवर तिन्ही बसवले, ज्याच्या त्याच्या विंडोजसकट. एका घरात तीन चुली, कुणाचा कुणाला धक्का नाही.

संपतरावांना मी दरवर्षी राखी बांधायची. ते म्हणाले, “ताई, सगळं वहीत लिहून दे. साहेबाला दाखवतो, तुला कायम करून आणतो.” मी खुळी! दिवाळीची सुट्टी घालवून वही लिहिली, पासवर्डसकट.

ती साहेबांपुढे गेली ती यांच्या जावयाच्या, शिवशंकरच्या नावानं. वर शेरा यांचाच: यंत्र एक झालं, माणूसही एकच पुरे. माझ्याच कामानं माझी नोकरी खाल्ली. ते एक वेळ सोसलं असतं, पण राखीचा तो हात आठवला की अंगाची लाही होते.

जाणारच नव्हते. पण फोनमागून ऊस घेऊन आलेली कुरुंदा गावची माणसं ओरडत होती. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं?

मी पोचले तसा शिवशंकर खुर्चीतून उठला. वीज जाऊन आल्यावर त्यानं तिन्ही प्रोग्राम एकदमच सुरू केले होते. काटा शेतकऱ्यांची यादी ऊसनोंदीकडून घेतो, म्हणून आधी ती सुरू करायची, मग काटा.

“तिसऱ्या पानावर लिवलंय. वाचलं न्हाई?”

मी तिन्ही बंद करून क्रमानं सुरू केले. दहा मिनिटांत पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला.

“ताई, तुला इसरणार न्हाई,” संपतराव म्हणाले. “च्या तरी घे.”

“ताई म्हणू नका. लई तकलीफ होते.”

गेटवर वॉचमन थावरा होता. सोळा वर्षं मला पाहिलं की हा गडी न बोलता फाटक उघडायचा. आज त्यानं मान खाली घालून रजिस्टर पुढं केलं.

“मघाशी घाईत राहिलं, मॅडम. बाहेरच्या माणसाची सही लागते. कुणाला भेटाया आल्ता, ते बी लिवा.”

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, वेळ लिहिली. ‘कोणाची भेट’ या रकान्यात लिहिलं, ‘वजनकाटा’. मग खाली सही केली.