विसरणारी खिडकी

भाग्यश्रीला भलत्या चौकशा. चामोर्शीच्या आठवडी बाजारात बाप इस्तारी मासोळी विकायला बसला की ही समोरच्या प्रफुलच्या इंटरनेट कॅफेत शिरायची. बापाला वाटायचं, पोरगी अभ्यासाचं काही पाहते. ती पाहायची नागपूरची नर्सिंग कॉलेजं. घरात तिच्यासाठी पोंभुर्ण्याच्या स्थळाची बोलणी सुरू होती आणि बापासमोर ‘मला शिकायचं आहे’ म्हणायची तिची छाती नव्हती.

एकदा तिनं ब्राउजरच्या खिडकीत पहिलंच अक्षर दाबलं तोच मागच्या बाजारी पाहिलेल्या कॉलेजांचे पत्ते पटापट खाली उतरले. तिनं चटकन मागं वळून पाहिलं. आपल्यानंतर इथं बसणाऱ्यालाही हेच दिसणार. पण भीतीच्या मागोमाग कुतूहल आलंच.

“हे यानं ध्यानात काऊन ठेवलं, भाऊ?”

“ठेवतेच थो. पाह्यजे तं पुसून टाक,” म्हणत प्रफुलनं पुसायचा मेनू दाखवला.

“अन् पुसाचं राहून गेलं तं? काहीच ध्यानात न ठेवणारी खिडकी काऊन नाई केली?”

प्रफुल हसला. “मले काय इचारतेस? हे ब्राउजर कोण्या एका मालकाचं नाई. दुनियाभरचे लोक मिळून फुकटात बनवून राह्यले. त्याईलेच लिही.”

एवढं निमित्त तिला पुरेसं होतं. त्या लोकांच्या सूचनांच्या पानावर तिनं खातं उघडलं. आता अर्ज कसा लिहायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, आणि शेवटी सबळ कारण. कारण नसेल तर बाबू अर्ज बाजूला सारतो. भाग्यश्रीनं बारावीच्या इंग्रजीत सारं मन लावून लिहिलं. कारणही चांगलं सबळ दिलं: मला नर्स व्हायचं आहे, घरचे लग्न ठरवत आहेत, तरी वडिलांना कळू नये म्हणून सर्व विसरणारी खिडकी मिळावी, ही नम्र विनंती.

पुढच्या बाजारी उत्तर आलं होतं. कुठल्याशा देशातल्या माणसानं लिहिलं होतं, मागणी रास्त आहे, आणखीही लोकांना अशी खिडकी हवी आहे. ती इतकी हरखली की खालचं वाक्य वाचायचं राहूनच गेलं. हे पान सगळ्या जगाला दिसतं, स्वतःची माहिती इथे लिहू नये, असं त्यात होतं.

मग पोंभुर्ण्याचे पाहुणे आले. मुलगा अमर कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. चहा झाला आणि तो सरळ तिच्याकडे वळला.

“तुमचं नाव इंटरनेटवर टाकून पाह्यलं तं तुमचा अर्ज निघाला. तुमाले नर्सिंगले जायचं हाय म्हणून लिवलं हाय. मंग आमाले काऊन बोलावलं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. भाग्यश्रीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाहुणे उठले. इस्तारी त्यांना पोचवून परत आला, खाटेवर बसला.

“थे पान कोणकोण वाचते?”

“कोणी बी, बाबा. साऱ्या दुनियेत.”

“साऱ्या दुनियेले सांगतलंस. एक मलेच नाई. मी का वाघ होतो का, बाई? आता मले सांग.”

इंग्रजीत एका बैठकीत लिहून झालेलं मराठीत काही केल्या तोंडातून निघेना. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं कॉलेजचं नाव सांगितलं, मग फी, मग वर्षं. इस्तारी मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्यानं वर पाहिलं.

“अन् तिथी राहशील कुठी?”