हेडखालची कणीक

मेहुण्याने रेसच्या गाडीसाठी नवं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणलं. व्हॉल्व्ह मोठे, स्प्रिंगा कडक. त्याला इंजिन लगेच सुरू करायचं होतं, पण माझा नियम ठरलेला आहे. आधी पिस्टनवर कणकेचा गोळा ठेवायचा, हेड आवळायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि परत उघडायचं. कणीक जेवढी जाड उरेल, तेवढीच व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा.

उघडलं तर कणीक कागदासारखी पातळ. माझं डोकंच फिरलं.

"अक्कल गहाण ठेवून खरेदी केलीस का रे? हे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा भुगा होईल."

"दाजी, दुकानदार तर बसेल म्हणाला होता," तो पुटपुटला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. टेबलावर आधी तिने एक भोकाभोकांचा चकचकीत पत्रा ठेवला आणि त्यावर गरम किटली टेकवली.

"सकाळी तुमच्या खोक्यात सापडला. किटलीखाली किती छान बसतो."

ते हेडखालचं गॅस्केट होतं. मी ते घालायलाच विसरलो होतो, आणि नेमकी त्याच्याच जाडीएवढी जागा कमी पडत होती.

मेहुणा चहात बघून हसत होता. मी मुकाट्याने कणकेचा दुसरा गोळा मागितला.

"देते," बायको म्हणाली, "पण आधी ती गहाण ठेवलेली अक्कल सोडवून आणा."