प्लुतार्कोनं उसनी दिलेली शर्यत

सायकलवाल्यांचं वय वाढतं तसा घाटही वाढतो, हे मी माझ्या बेकरीच्या गल्ल्यामागून वर्षानुवर्षं बघत आले आहे. आमच्या सुसाबा गावाच्या वरचा घाट मी शाळेत होते तेव्हा नऊ किलोमीटरचा होता. रविवारच्या टेबलावर तो आता चौदाच्या खाली उतरायला तयार नाही. थंडीही वाढली आहे. परवा तर त्यात एक अस्वल आलं. तीस वर्षं मी तीच गोष्ट ऐकते आहे, अस्वल नव्हतं.

टेबल तिघांचं. प्लुतार्को न्हावी, बारीक, मिशीवाला, कुणी चूक बोललं की ज्याचा कान आधी लाल होतो. हेलिओदोरो दुधाचा ट्रक चालवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आणि नेपो, बटाट्यांचा मालक, ज्याच्या पोटावर आता सायकलचं हॅंडल टेकतं. दर रविवारी तिघं तंग कपडे घालून घाट चढतात, उतरतात, माझ्याकडं येऊन गुळाच्या गरम पाण्यात चीज बुडवतात आणि शहाऐंशी सालची शर्यत पुन्हा धावतात.

ती शर्यत प्लुतार्को जिंकला. त्याच्या आयुष्यातली ती एकुलती एक जीत. तिचा कप त्याच्या दुकानात आरशापुढं आहे, त्यात तो कंगवे ठेवतो. हेलिओदोरोचं त्या दिवशी जे झालं ते सांगायची पाळी आली की गाव खुर्च्या जवळ ओढतं.

त्या रविवारी हेलिओदोरो केसांना तेल लावून आला होता. घाट चढायला केसांना तेल कोण लावतं? मी कान टवकारले.

"प्लुतार्को," तो बसता बसता म्हणाला, "एक वस्तू उसनी हवी होती."

"पंप?"

"नाही."

"ट्यूब माझ्याकडं एकच आहे, आधीच सांगतो."

"शहाऐंशी साल."

नेपोनं तोंडातला पाव चावायचा थांबवला.

मग सगळं बाहेर आलं. ओतिलिया, जी शिवणकाम करते आणि नवरा वारल्यावर बुकारामांगा शहरातून आईच्या घरी परत आली आहे, तिनं एकदा हेलिओदोरोला सहज विचारलं होतं, "तुम्ही कधी जिंकलात की नाही?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "जिंकलो की. शहाऐंशीची."

"अरे गाढवा," नेपो म्हणाला, "दुसरी एखादी सांगायचीस! बाहेरगावची!"

"तोंडात हीच आली. रोज हीच तर बोलतो आपण." हेलिओदोरोनं आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी कार्मेनच्या माउलीचा सण, आम्हा ड्रायव्हरांची मिरवणूक. ट्रक सजवायचा आहे. तिला विचारलंय, माझ्या शेजारी बसशील का म्हणून."

आता यावर हसण्यासारखं काही नव्हतं. त्या मिरवणुकीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जी बाई बसते, तिला गाव दुसऱ्या दिवसापासून त्याच घरची धरतं. मागं फुग्यांत कुणीही बसो, पुढं बसणं वेगळं. सहा वर्षं हेलिओदोरोच्या शेजारी त्या दिवशी हवा भरायचं यंत्र बसतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आज बेकरीत येते, तुमच्या मित्रांकडून ती शर्यत ऐकते, मग सांगते." त्यानं प्लुतार्कोचा हात धरला. "कोम्पाद्रे, माझ्या पोराचा धर्मपिता आहेस तू. एक सकाळ. फक्त एक सकाळ ती माझी असू दे."

प्लुतार्कोचे दोन्ही कान लाल झाले. नवी सायकल मागितली असती तर त्यानं इतका विचार केला नसता, हे मी शपथेवर सांगते.

"कप मिळणार नाही," शेवटी तो म्हणाला.

"कप नको."

"आणि महिनाभर गावच्या पाटीपर्यंत मी पुढं."

"ते तर तू एरवीही असतोस!"

"आता तू तसं मोठ्यानं म्हणायचंस."

सौदा ठरला. नेपोला गप्प बसवायला मी त्याच्यापुढं पावांची टोपली ठेवली.

थोड्या वेळानं ओतिलिया आली ती लोकरीचा रुआना नीट पांघरून, कपाळाला आठी नाही, पण डोळे कापड मापणाऱ्या बाईचे. मी तिला गुळाचं पाणी दिलं. ती हेलिओदोरोला आमच्या डोंगराकडच्या अदबीनं म्हणाली, "सांगा, सुमर्से. मी ऐकायला आलेय."

हेलिओदोरोनं सुरुवात चांगली केली. पहाटेचं दव, अठ्ठावीस सायकली, पाद्र्यानं शिंपडलेलं पवित्र पाणी. मग घाट लागला.

"घाटाच्या पायथ्याला मी सतराचं चक्र लावलं आणि—"

"एकवीस," प्लुतार्को कपात बघत म्हणाला.

"काय?"

"काही नाही. खोकला."

"तर सतरा दात्यांचं चक्र लावून मी रस्त्याकाठच्या क्रुसाजवळ सुटलो. मागं वळून बघतो तो कुणी नाही!"

"क्रुसाजवळ कसा सुटेल?" प्लुतार्कोचा कान पेटला होता. "म्हणजे... कुणीही माणूस क्रुसाजवळ कसा सुटेल? तिथं समोरून वारा येतो. सुटायचं ते दूध डेअरीच्या वळणावर, घोळका आतल्या बाजूनं जातो तेव्हा बाहेरून."

"बरं, डेअरीच्या वळणावर," हेलिओदोरो दात खाऊन म्हणाला. "मग माथ्यावर धुकं. उतारावर गारठा. मी एका माणसाकडून वर्तमानपत्र घेतलं आणि छातीवर सदऱ्याखाली खुपसलं—"

"बाई होती ती! निळा रुआना! आणि वर्तमानपत्र नाही, सिमेंटच्या पिशवीचा कागद, त्यातल्या सिमेंटनं छातीवर आठ दिवस पुरळ होतं! आणि सतराचं चक्र, अरे देवा, त्या चढाला सतरा लावलं असतं तर गुडघे खिशात घालून घरी आणावे लागले असते!"

नेपोनं टोपलीतला शेवटचा पाव उचलला आणि तो फार महत्त्वाचा असल्यासारखा न्याहाळू लागला.

ओतिलियानं प्लुतार्कोकडं पाहिलं. "पुरळ कुणाच्या छातीवर होतं?"

प्लुतार्कोला खोटं बोलता येत नाही असं नाही. गिऱ्हाइकाला तो रोज सांगतो की टक्कल पडत नाहीये. पण त्या पुरळावर त्याचा हक्क होता. त्यानं मान खाली घातली.

हेलिओदोरो उठला. मला वाटलं, चालला. पण त्यानं फक्त खुर्ची फिरवली आणि तिच्यासमोर बसला.

"शर्यत याची," तो म्हणाला. "मी उसनी घेतली होती. माझी ऐकायची असेल तर माझी सांगतो."

"सांगा."

"घाट उतरून गावात यायचं आणि चौकाला तीन फेऱ्या मारायच्या. शेवटच्या फेरीला पंच घंटा वाजवतो. उतारावर मी सगळ्यांना मागं टाकलं. खरंच टाकलं, विचार याला."

"टाकलं," प्लुतार्को म्हणाला. "वेड्यासारखा उतरला. मला वाटलं, मेला."

"पहिली फेरी झाली. दुसरी अर्ध्यात आली आणि घंटा वाजली. मला वाटलं, मोजायला चुकलो, हीच शेवटची. जीव तोडून मारली ती फेरी... म्हणजे, फेरी नव्हती, तिचा अर्धा तुकडा होता. घंटा चर्चची होती. दुपारचे बारा वाजले होते."

नेपोचे खांदे हलायला लागले.

"रेषेवर मी दोन्ही हात वर केले. टोपी गर्दीत फेकली. सायकल भिंतीला टेकवली, नगराध्यक्षाच्या बायकोच्या गालाचा मुका घेतला—"

"दोन्ही गालांचा!" नेपोला राहवेना.

"—आणि बियरची बाटली उघडली. लोक टाळ्या वाजवतायत, ओरडतायत. मी वाकून नमस्कार करतोय. ते ओरडत होते, 'अजून एक! अजून एक!' मला वाटलं, मुका."

ओतिलियानं हसू दाबायला रुआनाचं टोक तोंडावर धरलं, पण डोळ्यांनी दगा दिला.

"तेवढ्यात घोळका समोरून गेला, पंचानं खरी घंटा वाजवली, आणि हा," त्यानं प्लुतार्कोकडं बोट केलं, "हा सगळ्यात पुढं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बाटली नगराध्यक्षाच्या बायकोच्या हातात दिली आणि निघालो."

"कुठं?"

"फेरी राहिली होती ना एक. कुठं जाणार, गाव माझंच. सगळा चौक हसत होता. पाद्री हसत होता. फेरी मारली, रेषा ओलांडली. शेवटी चालणाऱ्या अँब्युलन्सच्याही मागून."

ओतिलियानं कप खाली ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माझा नवरा, देव त्याला शांती देवो, सगळं जिंकायचा. पत्ते जिंकायचा, सोंगट्या जिंकायचा, भांडण तर जेवणाआधी जिंकायचा. एकतीस वर्षं मी जिंकलेल्या माणसाच्या गोष्टी ऐकल्या." मग हेलिओदोरोकडं. "हे खोटं पहिलं की सवय आहे?"

"पहिलं."

"बेकरीवाल्या बाई?"

आता मला हिशेब द्यायचा होता. रविवारच्या टेबलावरचं ते अस्वल जिभेवर आलं होतं. "शर्यतीच्या बाहेर," मी म्हणाले, "हा माणूस दुधात पाणीसुद्धा घालत नाही."

"मिरवणूक किती वाजता निघते?"

नेपोनं सांगितलं, दहाला, चर्चपासून.

"मग त्या दिवशी नऊला घरी या. ट्रकची सीट मी पाहिली आहे, तिला आधी नवं कापड शिवावं लागेल. आज मला माप घेऊ द्या." असं म्हणून ती उठली.

हेलिओदोरो तिच्यामागं निघाला. सायकल हातात धरलेली, आणि बुटांच्या तळाच्या पट्ट्या फरशीवर अशा टकटक वाजत होत्या की शेजारचा औषधवाला बाहेर येऊन बघायला लागला. चौकाच्या कोपऱ्यावर हा घसरला. तिनं दंड धरला तो पुढं सोडला नाही. नेपो टोपली रिकामी आहे याची खात्री करून बटाट्यांकडं गेला.

प्लुतार्को एकटा उरला. कान अजून लाल. चमच्यानं कपाच्या तळाचं चीज खरवडत होता.

"कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला, "की मग मी कसा जिंकलो."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भट्टीत पाव होते, पण त्यांना वेळ होता. मी गल्ल्यामागून बाहेर आले आणि हेलिओदोरोच्या खुर्चीत बसले.

"डेअरीच्या वळणावर तू बाहेरून सुटलास," मी म्हणाले. "चक्र कितीचं होतं?"

"एकवीसचं," प्लुतार्को म्हणाला, आणि खुर्ची पुढं ओढली. "आणि मग, बाई, वर धुक्यात शिरलो तर समोर काय असावं?"