किल्ली भाऊंकडे आहे

मित्रांनो, भाऊ वाचले. आज सकाळीच ते पोहण्याच्या तलावाच्या दारात उभे राहून कुणाला तरी ओल्या चपलांवरून झापत होते. पण हे मी तुम्हाला सांगितलेलंच नाही, असं समजा. अजून काहीही घडलेलं नाही. भाऊ ठणठणीत आहेत आणि मी कुलपात आहे.

मी एक जुना डिफिब्रिलेटर आहे. नाव जिभेला झेपत नाही, म्हणून इथे मला 'शॉकचा डबा' म्हणतात. माझा जन्म इतक्या स्वच्छ कारखान्यात झाला, की तिथे शिंकायलाही परवानगी लागत असावी. लोकांना वाटतं, मी बंद पडलेलं हृदय सुरू करतो. तसं नाही. कधीकधी हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही, माणूस कोसळतो. अशा वेळी मी एक सणसणीत झटका देऊन ती थरथर थांबवतो, म्हणजे हृदयाला आपलं काम आठवतं. मला बोलताही येतं. काय करायचं ते मी पायरीपायरीने सांगतो. फक्त झाकण उघडल्याशिवाय माझ्या तोंडून अक्षर फुटत नाही.

मला या तलावाच्या भिंतीवर, काचेचं दार असलेल्या पेटीत बसवलं. त्या दिवशी टाळ्या पडल्या. त्यानंतर एका आजोबांनी 'यावर मोबाईल चार्ज होतो का' एवढी चौकशी केली. बस्स. पेटीचं दार उघडलं की भोंगा वाजायचा आणि मुलांना तो फारच आवडला. तलावाची देखरेख करणाऱ्या भाऊंचं डोकं उठलं. त्यांनी दाराला कुलूप ठोकलं, वर 'काच फोडू नये' अशी पाटी लावली.

"आता कसा सुरक्षित राहील," भाऊ म्हणाले.

राहिलो. चोरांपासून, मुलांपासून आणि ओघाने आजारी माणसांपासूनही. वाफेने काच धुरकट व्हायची. बाहेर माणसं पाण्यात हातपाय पसरायची आणि मी माझ्या पेटीत कुशीवरसुद्धा वळू शकत नव्हतो.

या तलावाची एक रीत आहे. टोपी हरवो, दिवा जावो, पाणी गार लागो, उत्तर एकच: "भाऊंना विचारा."

एका दुपारी भाऊ तलावाचं पाणी तपासायला वाकले आणि माझ्यासमोरच फरशीवर आडवे झाले. तिकीट खिडकीतून त्यांची थोरली बहीण, आक्का, धावत आली. भाऊ मधूनच घोरल्यासारखा आचका देत होते.

"श्वास चालू आहे की," रोज पोहायला येणारे वकीलसाहेब म्हणाले.

"हा श्वास नव्हे," पोहायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, भाऊंच्या छातीच्या मधोमध तळहात रोवले आणि जोरजोरात, भरभर दाबू लागल्या. "आक्का, अँब्युलन्सला फोन लावा. वकीलसाहेब, तो डबा आणा."

वकीलसाहेब आले. "याला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे?"

"भाऊंना विचारा," काठावर जमलेले दोघंतिघं एकदम म्हणाले. सवय, दुसरं काय.

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं.

किल्ली त्यांच्याच खिशात होती. मला माहीत होतं, पण मी पडलो बंद डबा. शेवटी अँब्युलन्सला फोन करून आलेल्या आक्काने खिसे चाचपून जुडगा काढला. वकीलसाहेब एकेक किल्ली शिस्तीत लावून पाहू लागले. "ही पंपाची दिसते. ही कपाटाची."

मित्रांनो, समोर माणूस जात होता आणि मी पंपाच्या किल्लीची कुलपाशी झालेली ओळख ऐकत होतो.

"काच फोडा," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"पण फोडू नये असं लिहिलंय. भाऊ रागावतील."

"रागवायला आधी उठू दे मेल्याला," आक्का म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून तिचा चेहरा पांढरा पडला.

वकीलसाहेबांनी हाताशी आलेली, पोहायला शिकायची फोमची फळी काचेवर हाणली. ती उडून पाण्यात गेली आणि तरंगत राहिली. मग आक्काने तिकीट खिडकीतलं लोखंडी स्टूल आणलं. एक घाव. काच फुटली, भोंगा बोंबलला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर कुणी ओरडलं नाही.

झाकण उघडलं. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य मी बोललो, "शांत राहा." आक्काने टॉवेलने भाऊंची ओली छाती पुसून माझे झटका देणारे दोन पॅड चिकटवले. बाई दाबतच होत्या.

"कुणीही रुग्णाला हात लावू नका," मी म्हणालो. बाईंनी हात उचलले. आक्काने मात्र भावाचं पाऊल घट्ट धरलं होतं.

"आक्का, सोडा," बाई म्हणाल्या. तिने सोडलं. बाईंनी बटण दाबलं, मी झटका दिला. "छाती दाबणं सुरू ठेवा."

थोड्या वेळाने भाऊंनी बाईंचा हात ढकलला. आक्का भिंतीला टेकून खालीच बसली.

हॉस्पिटलमधून भाऊंचा पहिला फोन आला, तो काच कुणी फोडली हे विचारायला. परतल्यावर ते माझ्यापुढे रडले. मग म्हणाले, "इतकी मोलाची वस्तू अशी उघडी ठेवायची?" आणि त्यांनी जाड काच व मोठं कुलूप बसवलं.

मित्रांनो, छाती कशी दाबायची ते शिकून घ्या. तुमच्या हातांना किल्ली लागत नाही. माझं म्हणाल, तर माझा अर्ज एवढाच:

सबब, माननीय व्यवस्थापनास सविनय विनंती की, किल्लीधारकाने यापुढे कोसळण्यापूर्वी रीतसर पूर्वसूचना द्यावी, आणि किल्ली आक्कांच्या स्वाधीन करून, त्यांची पोच घेऊनच कोसळावे.