सुनेलाच शॉक देणारा फ्रीझर

जानीच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचणीतल्या आमच्या आळीतली निम्मी माणसं आत घुसलेली, उरलेली कुंपणावर चढलेली, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. मधोमध पांढरा फ्रीझर. पापलेट-सुरमई ठेवायला जानीने चारोटीहून जुना विकत आणलेला. त्याच्यासमोर जानीची सून पुतळी, सिमेंटच्या ओल्या कोब्यावर अनवाणी उभी. आणि तिच्या शेजारी लाकडी पाटावर भुतं उतरवणारे प्रविणबापू.

"हात लाव, बेन," बापू म्हणाले.

"नको बापू."

"तू नाही घाबरत. तुझ्या आत बसलीय ती घाबरते. लाव."

पुतळीने बोटं टेकवली आणि हात झटकत मागे कोलमडली. बायका भिंतीला चिकटल्या. मग बापूंनी त्याच जागी स्वतःचा पंजा ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि हसले.

"पाहिलंत? यंत्र खोटं बोलत नाही. ज्याचं अंग स्वच्छ, त्याला ते काही करत नाही. बुडून मेलेली बाई हिला धरून आहे. पाण्यातली ती. बर्फाजवळ आली की उसळते."

बर्फाजवळ उसळणारं भूत. हे ऐकून एकालाही हसू आलं नाही. उलट मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, बर्फ म्हणजे पाणीच ना." एवढं विज्ञान मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

फ्रीझर आल्यापासून हेच चाललं होतं. जानी हात लावायची, काही नाही. तिचा मुलगा जिग्नेश हात लावायचा, काही नाही. पुतळीने लावला की झटका. मागच्या खेपेला बापूंनी तिच्या तळहातावर कापूर जाळला होता, त्याचा फोड अजून ओला होता. आज निकाल लागला होता: पुतळीने माहेरी जायचं आणि तिची लहानगी तानी इथेच राहणार, कारण "लेकरू अजून स्वच्छ आहे". टेम्पो दारात उभा होता. पुतळीची पिशवी त्यात आधीच टाकलेली.

"जाते मी," पुतळी म्हणाली. "पण पोर देणार नाही."

"ती बोलतेय बघा, ती," बापू म्हणाले. बाई बोलली की भूत बोलतं, गप्प राहिली की भूत लबाड. या धंद्यात तोटा कधी होतच नाही.

मी शेजारी. मला राहवलं नाही. "जानीकाकी, मशीनमध्ये बिघाड आहे. वायरमनला बोलव."

"बिघाड असता तर मला झटका नसता लागला? मी काय दगडाची आहे?"

मी पळत जाऊन शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दक्षा मॅडमना घेऊन आलो.

मॅडमनी आल्या आल्या पुतळीला उंबऱ्याबाहेर नेऊन बसवलं. मग पर्समधून टेस्टर काढला आणि त्याचं टोक फ्रीझरच्या लोखंडी कडेला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

"जिग्नेश, तुझी बायको कुठे आहे?"

"बाहेर. तुम्हीच बसवली ना."

"मग इथे काय पेटलं? ह्या पत्र्यात वीज उतरलीय. पुतळी असो नसो, ती आहेच." मॅडम बापूंकडे वळल्या. "महाराज, जरा पाटावरून उतरा. असेच अनवाणी, ह्या ओल्या कोब्यावर. आणि मग लावा हात."

बापूंनी खाली पाहिलं. कोबा ओला होता आणि तो त्यांनीच ओला करायला लावला होता. "तिच्या पायांभोवती समुद्राचं पाणी शिंपडा, माझ्यासाठी कोरडा पाट मांडा," असं आल्या आल्या सांगून.

"देवकार्यात मी जमिनीला पाय लावत नाही."

"मग दारापासून इथवर काय उडत आलात?" मासळीवाली सोमी म्हणाली. पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"आजची वेळ टळली," बापू पुटपुटले. पाटावरून टुणकन फ्रीझरच्या उलट बाजूला उतरले आणि पुतळीसाठी आणलेल्या टेम्पोत स्वतःच बसून गेले.

मॅडमनी मेन स्विच बंद करायला लावला आणि पिन उपसली. "हिची तिसरी पिन कुठे गेली?"

"बोर्डाला दोनच भोकं होती," जिग्नेश म्हणाला. "तीन पिनांची कापून दोन पिनांची लावली. ती हिरवी वायर उगाच लोंबत होती, टेप गुंडाळून टाकली."

"ती अर्थिंगची वायर. आत खाऱ्या ओलीने कुठेतरी तार उघडी पडलीय, वीज पत्र्यावर आलीय. हिरव्या वायरने ती गुपचूप जमिनीत गेली असती. तो रस्ता तू बंद केलास. मग ती माणसातून जाणार."

"पण मला का नाही?" जानीने विचारलं.

मॅडमनी नुसतं तिच्या पायांकडे बोट केलं. रबरी चपला. जिग्नेशच्या पायांतही चपला. सुनेने सासू-सासऱ्यांसमोर चप्पल घालायची नाही, हे जानीनेच पुतळीला लग्न होऊन आल्या दिवशी सांगितलं होतं.

सगळ्यांचे मोबाईल खाली गेले होते. या भागाचा व्हिडिओ कोणी काढला नाही.

इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी वायरमनने उघडी तार बदलली, तीन भोकांचा बोर्ड लावला, जमिनीत अर्थिंगचा दांडा पुरला. पुतळी रबरी चपला घालून मासळी भरायला आली. जानीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता अर्थिंग बसलं ना? मग चपला कशाला?"

पुतळीने झाकण उघडलं. "बापूंना विचारून या, आई," ती म्हणाली, आणि चपला काढल्या नाहीत.

म्हणून सरळ सांगतो. तिसरी पिन शोभेची नाही, कापू नका. फ्रीज, गीझर, पाण्याची मोटर, कशालाही हात लावल्यावर मुंग्या आल्या तरी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या हातापायांनी जवळ जाऊ नका. आणि घरात शॉक एकाच माणसाला बसत असेल, तर त्याच्या अंगात काय शिरलंय हे विचारत फिरू नका. त्याच्या पायांत काय नाही ते बघा. आणि ते कोणी घालू दिलं नाही, हे मान खाली न घालता स्वतःला विचारा.